डबा खाताना केलेली सही

आमच्या कॉलेजात कागद वाचून सही करणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि मीही त्यातलाच. शहाद्याकडे नोकरीत मुरलो, तसा या सवयीतही मुरलो.

देशभरातल्या संशोधनाचं मूल्यमापन होणार होतं. कॉलेजातून कुणाचं काम पाठवायचं ते न्याय्य पद्धतीने ठरावं, म्हणून सगळ्या प्राध्यापकांची मतं घेऊन नियम करा, असं विद्यापीठाचं पत्र आलं. प्राचार्यांनी मला बोलावलं. "सर, तुमची भाषा बरी आहे. नियम लिहा, सह्या घ्या, उद्या पाठवून टाकू." झाला विचारविनिमय!

"आणि वनस्पतिशास्त्राच्या मॅडम?" मी विचारलं.

"दोनच लेख आहेत हो त्यांचे. राहू द्या."

माझं डोकंच फिरलं. मॅडम प्रकाशा गावच्या, शेतकरी घरातल्या. दोन बाळंतपणं, मधे सासूबाईंचं आजारपण, हे सगळं सांभाळून त्यांनी पपईवर पडणाऱ्या रोगाचा अभ्यास केला होता, तोही भर उन्हात शेतात उभं राहून. यादीत नाव नसलं की बढतीच्या फाइलवर 'संशोधन नाही' असा शेरा बसणार. आणि आमचे वाणिज्यचे विभागप्रमुख? त्यांचे लेख ढिगाने. त्यातल्या एकाचं तरी शीर्षक त्यांना पाठ असेल का, देव जाणे.

मी दोन नियम लिहिले. पहिला शहाण्यासारखा: लेख मोजताना रजेचा काळ वगळावा. दुसरा निव्वळ खोडसाळ: ज्याचं नाव लेखावर आहे त्याने ते काम सगळ्या स्टाफसमोर, शिपायांसकट, दहा मिनिटं अहिराणीत किंवा आपल्या घरच्या बोलीत समजावून सांगावं. न जमल्यास लेख बाद.

आमच्याकडे फाइल फिरते ती डबे उघडल्यावरच. हात पुसायचा, 'वाचले, सहमत' लिहायचं, सही ठोकायची आणि फाइल शेजारच्या डब्याकडे सरकवायची. विभागप्रमुखांनी सहीसोबत ठेच्याचा डागही दिला. प्राचार्यांनी तर फोनवर बोलता बोलताच सही केली. मी गालातल्या गालात हसत होतो.

काही दिवसांनी विद्यापीठाचं उत्तर आलं. पद्धत मान्य, याप्रमाणेच निवड करावी. प्राचार्यांनी नियम तेव्हा पहिल्यांदा वाचले. एरवी शुद्ध मराठीत रागावणारा माणूस, त्या दिवशी अहिराणीत ओरडला, "हाई काय शे, भो?"

"सगळ्यांच्या सह्या आहेत, सर. तुमचीसुद्धा."

सभा भरली. मॅडम पपईची दोन पानं घेऊनच आल्या, एक निरोगी, एक आकसलेलं. आमच्या शिपाईकाकांच्या म्हसावदच्या शेतातही पपईच. त्यांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले, मॅडमनी एकेकाचं उत्तर दिलं. दहाची पंचवीस मिनिटं झाली, चहा गार झाला, तरी कुणी उठेना. मला इतका आनंद झाला, जणू ते काम मीच केलं होतं! विभागप्रमुखांना नेमका त्याच दिवशी ताप आला होता.

मग प्राचार्य गोड हसले. "आता तुम्ही, सर."

अरे बाप रे! माझेही तीन लेख होते की. तिन्ही एका मित्राच्या प्रयोगशाळेतले. मी संदर्भांच्या याद्या तपासून दिल्या होत्या आणि त्याने मैत्रीखातर माझं नाव घातलं होतं. दुसऱ्यासाठी खड्डा खणताना हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तीन मिनिटं कशीबशी बोललो. शिपाईकाका मन लावून ऐकत होते.

"सर, समजनं," ते म्हणाले. "पन येम्हा तुम्हनं काम कोनतं शे?"

यात माझं काम कोणतं, हे त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणून जास्त लागलं.

"काही नाही, काका," मी म्हणालो. कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी डबे उघडले आणि यादीची फाइल आली. समोर मॅडम भाकरी मोडत होत्या. पलीकडे विभागप्रमुख, ताप उतरलेला, माझ्याकडेच टक लावून. मी हात पुसला आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला. चुकून कुठे असेल म्हणून परत एकदा वाचला. मॅडमचं नाव पहिलं होतं. माझं कुठेच नव्हतं.

मी लिहिलं, 'वाचले, सहमत.' इतक्या वर्षांच्या नोकरीत हे दोन्ही शब्द मी पहिल्यांदाच खरे लिहिले.