सिंधूताईंची कंबर

आम्ही रिटायर्ड नर्सा एकत्र जमलो की आधी गुडघे निघतात, मग कंबर, मग मान, आणि चहा येईपर्यंत किस्से! माझी सून म्हणते, "आई, दुखण्याच्या गप्पा मारताना तुम्ही एवढ्या हसता कशा?" अगं बाई, दुखलं म्हणून तर किस्से झाले. धडधाकट माणसाकडे सांगायला असतं काय?

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. मी भिवंडीच्या हॉस्पिटलात मेल वॉर्डला नुकतीच लागले होते. आमच्या इनचार्ज सिस्टर सिंधूताई. माहेर-सासर दोन्ही भिवंडीजवळच्या वडप्याकडचं, उंचीला दाराच्या चौकटीएवढ्या आणि जिभेला हाड नाही. वॉर्डातल्या लोखंडी खाटा मात्र गुडघ्याएवढ्या. म्हणे पूर्वी एक पेशंट झोपेत खाली पडला, तर तेव्हाच्या साहेबांनी सगळ्या खाटांचे पाय करवतीनं कापून घेतले! पेशंट पडायचे थांबले, नर्सा पडायला लागल्या. दिवसभर ओणवं राहून इंजेक्शनं द्या, चादरी बदला, पेशंट कुशीवर करा. संध्याकाळी घरी जाताना आम्ही सगळ्या जणी रस्त्यात काहीतरी हरवल्यासारख्या वाकून चालायचो.

* * *

एकदा कारखान्यांचे मालक असलेले एक शेठ ॲडमिट झाले. हे एवढं पोट! त्यांना स्ट्रेचरवरून खाटेवर घ्यायचं तर चादरीची चार टोकं धरायला आम्ही चौघी. शेठ आपले वरून ओरडतायत, "सिस्टर, धीरे से! धीरे से!"

सिंधूताईंचा चेहरा लालबुंद, दातओठ खाऊन चादर धरलेली. तशातच म्हणाल्या, "शेठ, आम्ही उचलतो धीरे से. पन तुम्ही खायला पायजे होतं धीरे से!"

शेठच इतके हसले की उचलायला आणखी जड झाले.

* * *

आम्ही सगळ्या जणी बाम चोळूनच ड्युटीवर यायचो. वॉर्डात नारपोलीचे लूमवरचे, म्हणजे यंत्रमागावरचे कामगार पुष्कळ, आणि त्यांना बिडीवाचून चैन पडायचं नाही. सिंधूताई कितीही गुपचूप आल्या तरी बिड्या गायब! आम्हाला कळेना, यांना बातमी देतं कोण? शेवटी एक दिवस मीच दारामागे उभी राहून ऐकलं. कोपऱ्यातला पेशंट नाक वर करून ओरडला, "बाम आया रे, बिडी बुझाओ!"

दुसऱ्या दिवशी सिंधूताई बाम न लावता आल्या. अख्खा वॉर्ड धुरात सापडला! एका हातानं कंबर धरलेली, दुसऱ्या हातात जप्त केलेल्या बिड्या, आणि तोंडभर हसू. "आज लय दुखतंय गं," मला म्हणाल्या, "पन मजा आली!"

* * *

आता मोठे साहेब. हॉस्पिटलचे मुख्य. हुशार माणूस, पण कंबरेचं नाव काढलं की ठरलेलं वाक्य, "कंबरदुखी हा आजार नाही सिस्टर, सवय आहे. लक्ष दिलं की दुखते."

एका राउंडला साहेबांच्या हातून पेन पडलं. सिंधूताई उचलायला वाकल्या आणि कंबरेत अशी चमक भरली की तिथंच अडकल्या. डोकं साहेबांच्या बुटांपाशी, हात जमिनीला. साहेबांना वाटलं, बाई पाया पडतायत! सणावाराचे दिवस होते, त्यांनी प्रसन्न होऊन हात वर केला. "असू दे, असू दे. सुखी राहा!"

खालून आवाज आला, "सायेब, आशीर्वाद राहू द्या, हात द्या!"

वॉर्डभर हशा. साहेबांचे कान लाल झाले.

* * *

मग आम्ही ताईंना सुट्टीच्या दिवशी एसटीत घालून अकलोलीला नेलं. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात कंबर शेकली की आठवडा बरा जायचा. बायकांच्या बाजूला आडभिंत होती. आम्ही पाण्यात बसलोय, तर भिंतीपलीकडून कोणीतरी कण्हतंय, "आई गं… माझी कंबर… मेलो गं आई…"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आवाज ओळखीचा! रोज राउंडला ऐकायचो तोच.

मी तोंडावर पदर दाबला. ताई कसल्या गप्प बसतात! भिंतीकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणाल्या, "सायेब, ही सवय कधीपास्नं?"

पलीकडून घाईघाईनं कोणीतरी पाण्याबाहेर निघाल्याचा आवाज आला.

* * *

हसलो खरं, पण ते अंगाशी आलं. साहेबांनी ताईंना बोलावून सांगितलं, "तुम्हाला वाकता येत नाही. ठाण्याहून मोठे डॉक्टर येऊन तपासतील. अनफिट निघालात तर घरी बसायचं."

ताईंचे यजमान वारलेले, दोन पोरी शिकत होत्या. पगार थांबला तर शाळाही थांबणार. त्या दिवशी मी सिंधूताईंना पहिल्यांदा रडताना पाहिलं, चादरींच्या कपाटाआड तोंड लपवून. मला साहेबांचा असा संताप आला, विचारू नका!

नेमका त्याच आठवड्यात हमीदचाचांचा डिस्चार्ज होता. चाचा म्हणजे लूम बसवणारे मिस्त्री, पाय मोडून आमच्याकडे पडले होते. बरा झालेला पेशंट सिस्टरांना मिठाईचा पुडा देतो, ही आमच्याकडची रीत. चाचांनी विचारलं, "बोलो सिस्टर, पेढा या बर्फी?"

ताईंनी डोळे पुसले. "मिठाई नको चाचा. लूमखाली ठोकता ना, ते लाकडी ठोकळे द्या. सगळ्या खाटांना पुरतील एवढे."

चाचांनी मान डोलावली, आणि दुसऱ्याच दिवशी हातगाडी भरून ठोकळे दारात!

* * *

पहिली खाट आम्हीच घाईघाईत चढवली. डोक्याकडचे ठोकळे उंच, पायाकडचे बुटके. वरचा पेशंट हळूहळू घसरत पायथ्याच्या गजाला येऊन टेकला आणि शांतपणे म्हणाला, "सिस्टर, मैं कहाँ जा रहा हूँ?"

मग चाचा कुबडी टेकत आले आणि त्यांनी एकेक खाट ठाकठीक बसवून दिली. ज्यांना आपल्या पायानं उतरावं लागे, त्यांच्या खाटेशी चढउताराला एक पाटही ठेवला. ताई पहिल्या खाटेशी ताठ उभ्या राहिल्या, पेशंटची उशी सारखी केली, आणि माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या.

* * *

तपासणीचा दिवस उजाडला. एक सांगते, त्या काळी साहेबांसमोर सिस्टरनं बसायचं नाही, अशी शिस्त होती. पाय सुजोत नाहीतर कंबर मोडो, उभंच राहायचं. तर साहेबांच्या केबिनमध्ये ताई उभ्या, साहेब खुर्चीत, एक हात कंबरेवर ठेवून बुटक्या टेबलावर वाकलेले, शेजारी ठाण्याचे म्हातारे डॉक्टर. मी दारात, देवाचं नाव घेत.

डॉक्टर म्हणाले, "वाकून पायाची बोटं धरा."

"न्हाय येत," ताई म्हणाल्या.

साहेबांनी 'बघा, सांगितलं नव्हतं का' अशा नजरेनं डॉक्टरांकडे पाहिलं.

"मग वॉर्डाचं काम कसं करता?"

"चला, दावते."

वॉर्डात आलो. ताईंनी पहिल्या खाटेपासून सुरुवात केली. पेशंट कुशीवर, चादर बाहेर, नवी चादर आत, औषध, इंजेक्शन, पुढची खाट. कुठं थांबणं नाही, कण्हणं नाही, पाठ सरळच्या सरळ! पेशंटसुद्धा श्वास रोखून बघत होते. डॉक्टर आधी नुसते मागून चालत होते. मग एका पेशंटचं पोट त्यांनी न वाकता, उभ्या उभ्याच तपासलं. थबकले. पुढचा पेशंट तपासला. मग त्याच्या पुढचा. गरज नसताना म्हाताऱ्यानं अख्ख्या वॉर्डाचा राउंड घेतला!

शेवटच्या खाटेशी येऊन त्यांनी खालचे ठोकळे पाहिले. साहेब लगबगीनं म्हणाले, "सर, हे परवानगीशिवाय केलंय. मी आजच काढायला लावतो."

डॉक्टर म्हणाले, "हात लावू नका त्यांना. बाई फिट आहेत. माझ्याकडच्या नर्सांना हे बघायला पाठवतो."

वॉर्डात टाळ्या पडल्या हो! प्लास्टर घातलेल्या हातांनीसुद्धा टाळ्या! मी तर रडायलाच लागले.

सिंधूताईंनी कपाळावरचा घाम पुसला. भिंतीकडचं स्टूल ओढलं, साहेबांच्या पुढ्यात मांडलं आणि त्यावर ऐसपैस बसल्या. पदर सारखा केला. मग मान वर करून उभ्या साहेबांना म्हणाल्या,

"बोला सायेब, तुमच्या केबिनच्या टेबलाला ठोकळे केवढे पायजेत?"