काटा, कोळसा आणि रबरबँड

गॅरेजमध्ये जुने नटबोल्ट जसे एका डब्यात जमत जातात, तसे गॅरेजच्या बाकावर बसणाऱ्याजवळ किस्से जमत जातात. कोणत्या गाडीचे होते ते पुढे आठवत नाही, पण फेकवतही नाहीत. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पलीकडे, रऊफभाईचं गॅरेज आहे. बत्तीस वर्षं सरकारी कारकुनी करून मी रिटायर झालो आणि सकाळी दहा वाजले की पाय आपोआप कुठंतरी हजेरी लावायला निघतात, म्हणून या बाकावर येऊन बसतो.

तिथं जायला कारणही होतं. माझी पेट्रोल गाडी पंधरा वर्षांची होत आली होती. नोंदणी वाढवायची तर अमरावतीला तपासणीत पास व्हायला हवी. नाही झाली तर भंगार! माझं एक वेळ चाललं असतं. पण आमच्या मंगलाचे गुडघे एसटीची पायरी चढत नाहीत, आणि अमरावतीला तिची मोठी बहीण कुसुमताई अंथरुणाला खिळलेली. दर शनिवारी मंगला तिला भेटायला, म्हणजे तिच्याशी भांडायला जाते. गाडी गेली की ते भांडण बंद. आणि ते बंद झालं की माझ्याशी सुरू!

* * *

गाडीत तीन दोष होते. पेट्रोलचा काटा मनाला येईल ते दाखवायचा, गाडीत पेट्रोलचा वास यायचा, आणि समोर इंजिनचा पिवळा दिवा कायम पेटलेला.

माझ्यासोबत बाकावर बसणारे देशमुख सर हे रिटायर मास्तर. वरूडला त्यांची संत्र्याची बाग आहे. एकदा त्यांना घेऊन निघालो. डावीकडे वळलो की काटा पाव टाकीवर, उजवीकडे वळलो की पाऊण. सर बराच वेळ काट्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "तुमी एक करा. अमरावतीले जाताना उजवीकडंच वळत राहा. पेट्रोल वाढत जाते!"

* * *

काट्यावर भरवसा नाही म्हणून मी माझी पद्धत बसवली होती. कारकून माणूस, पद्धतीशिवाय चैन पडत नाही. टाकी गळ्यापर्यंत भरायची. अकोला-अमरावती एकदा जाणं झालं की गियरच्या दांड्यावर एक रबरबँड चढवायचा, येणं झालं की दुसरा. पाच रबर झाले की परत टाकी फुल आणि सगळे रबर खाली. सहा वर्षं काटा खोटं बोलला, रबर एकदाही नाही.

फुल म्हणजे मात्र फुल. पंपावरची नळी 'टक्' करून बंद झाली की तिथं थांबायचं नाही. बडनेऱ्याच्या पंपावरचा माणूस तर मला ओळखूनच होता. "काका, हालवू?" असं विचारायचा. मग तो आणि मी मिळून गाडी मागून दाबून दाबून हलवायची, बुडबुडे निघायचे आणि दोन-अडीच लिटर आणखी बसायचं. गव्हाचं पोतं हलवून भरतात तसं!

* * *

रऊफभाईनं आधी मशीन लावलं नाही. प्रश्न विचारले. "साहेब, वास रोज येते का पेट्रोल भरल्यावरच?"

"भरल्यावर जास्त."

"अन् भरल्यावर गाडी लवकर स्टार्ट होते?"

"नाही. चार-पाच वेळा चावी फिरवावी लागते."

त्यानं गाडीखालून एक काळा डबा सोडवला आणि माझ्या हातात दिला. "यात कोळसा राह्यते. टाकीत पेट्रोलची वाफ होते ना, ते हा डबा धरून ठेवते, अन् मंग इंजिन ते ओढून घेते. वजन पाहा."

डबा जड होता. त्यानं तो उलटा केला, तर पेट्रोलची धारच लागली.

"वाफ खाऊन जगनारा गरीब मानूस आहे हा," रऊफभाई म्हणाला. "तुमी त्याले सहा वर्षं हालवू हालवू पेट्रोल पाजून राहिले!"

देशमुख सर बाकावरून म्हणाले, "व्यसन लावलं तुमी त्याले."

* * *

सरांना हसायला फार दिवस मिळाले नाहीत. महिनाभर बागेत झाडाखाली उभी असलेली त्यांची गाडी त्याच आठवड्यात आली. पंपावर नळी घातली की लगेच 'टक्'. वाटीभरही पेट्रोल जाईना. झाकण उघडलं की 'फुस्स'! सरांचं निदान तयार होतं : पंपवाले नालायक.

रऊफभाईनं टाकीला हवा पुरवणारी बारकी नळी काढली आणि तारेनं टोकरली. आतून काळ्या मातीची गोळी पडली. कुंभारमाशीनं घर केलं होतं.

"तीन पंपांवर भांडलो मी!" सर म्हणाले.

"मंग आता चौथीकडं जा," रऊफभाईनं नळीतून उडालेल्या माशीकडं बोट दाखवलं. "हे चालली पाहा!"

* * *

पिवळ्या दिव्याचा एक किस्सा सांगायलाच हवा. एका प्राध्यापकांची गाडी आली होती. त्यांच्या गाडीत दिवा नव्हताच! चावी फिरवल्यावर तो क्षणभर तरी पेटायला हवा; मग इंजिन सुरू झालं की विझायला हवा. रऊफभाईनं वाकून पाहिलं. दिव्यावर बरोबर मापाची मरून टिकली चिकटवलेली.

"सर, हे काय?"

"दिवा दिसला की मिसेस घाबरते," प्राध्यापक म्हणाले.

"अन् टिकली कोनाची?"

"मिसेसचीच."

* * *

माझ्या गाडीचा काटा दुरुस्त करायचा तर मागचं सीट काढावं लागतं. टाकीत पेट्रोलवर एक तरंगणारा फुगा असतो. तो खालीवर होतो तसा काटा हलतो. त्याची पट्टी झिजली होती. सीट उचललं आणि त्याखाली निघाला पितळी अडकित्ता!

मंगलाच्या आईचा. "तूच ढापलास," असं कुसुमताई तीन वर्षं म्हणत होती, आणि "तुझ्याच पानपुड्यात असेल," असं मंगला. त्या अडकित्त्यावरून एक दिवाळी अबोल्यात गेली होती.

मी तो घरी नेला. मंगलानं पदरानं पुसला, दोनदा उघडझाप करून पाहिला आणि कपाटात ठेवला.

"ताईंना देणार ना शनिवारी?"

"काहून?" ती म्हणाली. "मग आमी बोलाचं कशावर?"

* * *

फुग्याची पट्टी बदलली, कोळशाचा डबा नवा बसला, दिवा विझला. गाडी देताना रऊफभाईनं बजावलं, "तपासनी होईस्तोर अर्धीच टाकी भरा. फुल म्हटलं की तुमी हालवता, अन् दिवा परत येते."

मी शहाण्यासारखी अर्धी टाकी भरली आणि सवयीनं रबर काढून ठेवले. शनिवारी जाऊन आलो, दोन रबर चढवले. पुढच्या आठवड्यात तपासणीला निघालो. शेजारी मंगला. परत येताना ताईकडं जायचं होतं.

मूर्तिजापूर गेल्यावर मंगला म्हणाली, "अहो, काटा खाली गेला."

"या काट्याचं काय ऐकतेस! दोनच रबर आहेत."

लोणी गाव मागे पडलं. "काटा पार बुडाला."

"मंगला, सहा वर्षांत रबर चुकलेत का?"

बडनेऱ्याच्या अलीकडे गाडी दोन आचके देऊन थांबली. तपासणीला पाऊण तास उरला होता. मी रऊफभाईला फोन लावला.

"साहेब, काटा काय दाखवून राहिला?"

"खाली."

"अन् रबर?"

"दोन."

तो म्हणाला, "तिथं पास कोनाले कराचं आहे? गाडीले का तुमाले?"

एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर बसून मी कॅनमध्ये पेट्रोल आणलं. तोवर मंगला त्या उन्हात खिडकीची काच खाली करून बसली होती. मी आलो तसं तिनं काट्याकडं फक्त बोट दाखवलं. हे वाईट लक्षण होतं.

वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचलो. तपासणारे साहेब तरुण होते. त्यांनी चावी फिरवली. दिवा पेटला. इंजिन सुरू केलं, दिवा विझला. मी श्वास सोडला. मग त्यांनी काट्यावर टिचकी मारली.

"काका, हा काटा तळाला गेला. बंद आहे का?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "आता खरं बोलतो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, गियरच्या दांड्याकडं पाहिलं. "आणि हे रबर कशाचे?"

मी तोंड उघडणार तोच मंगलानं हात पुढं केला, दोन्ही रबर काढले आणि शांतपणे आपल्या अंबाड्याला लावले.

गाडी पास झाली.

ताईकडं जाऊन भांडण आटोपलं. अकोल्याकडं परत निघालो आणि बडनेऱ्याच्या पंपावर गाडी लावली. नळी 'टक्' करून थांबली. ओळखीचा माणूस हसत हसत मागे गेला आणि डिकीवर दोन्ही हात ठेवून म्हणाला, "काका, हालवू?"

मी सवयीनं दार उघडून एक पाय खाली टाकलाच होता. मंगलानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काकाले हालव बाप्पा, गाडीले नको!"