आगळ काही औषध नव्हे

आमच्या घराण्यात कोणी बारीक दिसलं की त्याला आधी जंताचं औषध देतात. त्यामुळे लेकीचं वजन जरा जास्तच वाढलंय, हे आम्हाला शाळेच्या तपासणीत कळावं लागलं. घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात मुलांचं वजन कमी करायच्या गोळीवर अभ्यास चालू होता, त्यात तिचं नाव घातलं. गोळीने काही अपाय होत नाही ना, हे बघायचं. काही मुलांना खरी गोळी, काहींना नुसती तशी दिसणारी, आणि कुणाला कुठली ते डॉक्टरलाही ठाऊक नाही.

"डॉक्टराकच म्हायत नाय, तर आमी कित्याक जातंव?" माझी आई म्हणाली. गावाहून आली तरी तिने मालवणी सोडलेली नाही.

लेक मात्र खुशीत जायची. "बाबा, तिथे मला कुणी जाडी म्हणत नाही. आणि आहाराच्या ताई माझ्याशी बोलतात, तुझ्याशी नाही."

मग एकाएकी तिला सकाळी पोटात जळजळ सुरू झाली. असं काही झालं की कळवायचं, हा तिथला पहिला नियम.

"नको ना सांगू, काढून टाकतील मला."

"सांगावं लागतं गं. त्यासाठीच तर चाललंय सगळं."

अभ्यासाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे?"

"नाही," मी छाती काढून म्हणालो. छातीच्या खालचं आधीच बाहेर होतं.

"घरगुती काही? काढा, चूर्ण?"

"छे हो, आम्ही त्यातले नाही."

"मग सध्या गोळी थांबवू. त्रास गोळीचाच निघाला तर मात्र तिला यातून बाहेर पडावं लागेल."

लेक खाली मान घालून सँडलचा पट्टा काढत-लावत बसली. मला राहवेना.

"टेन्शन नको घेऊ गं. मला पण रोज सकाळी जळजळतं. मी कुठे गोळी घेतो?"

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "तुम्हालाही? सकाळीच?"

"हो, पण ते वयाचं."

"सकाळी उठल्यावर दोघं काय घेता?"

"काही नाही. चहाच्या आधी फक्त आगळ."

आगळ म्हणजे कोकमाचा आंबट-खारट दाट रस. शहाणी माणसं तो चमचाभर सोलकढीत घालतात. त्याने चरबी वितळते असं आईला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ती रोज उपाशीपोटी लेकीला अर्धा पेला पाजायची. माझ्याकडे बघून, "तुझा पण जरा कमी होऊंदे," म्हणत मलाही द्यायची.

"मग मघाशी नाही का म्हणालात?"

"ते औषध नाही ना. कढीत घालतात."

लेकीने डोक्याला हात लावला.

ठरलं असं, की आगळ बंद, गोळीही बंद. पोट शांत झालं की नुसती गोळी सुरू करायची आणि बघायचं. "आगळान कोण मेलो नाय," म्हणत आईने बाटली वरच्या फळीवर ठेवली आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. जळजळ आम्हा दोघांचीही गेली. पण गोळी परत सुरू झाली तसा मी नाश्त्याला लेकीच्या तोंडाकडे टक लावून बसू लागलो.

"बाबा, जळजळलं तर मी सांगेन ना. तू पोहे खा."

जळजळ परतली नाही. पुढच्या भेटीला आई हट्टाने बरोबर आली. डॉक्टरीणबाईंनी "दुसरं काही?" विचारायचा अवकाश, ती सुरू झाली. "बेंबीत हिंग. टाळूक खोबरेल. आणि काल पुरणपोळी, एकच."

त्या सगळं लिहून घेत होत्या, पुरणपोळीसकट.

"दीड," लेक वजनकाट्यावरून म्हणाली. "अर्धी बाबाच्या ताटातली."

मग खाली उतरून तिने सँडल घातले आणि पुढची तारीख मला न विचारता स्वतःच मागून घेतली.