दुर्गाबाईंचे मोर

चिखलीत कॉम्प्युटरच्या मशीनवर ब्लाउजचं भरतकाम करणाऱ्या दुर्गाबाईंचं मशीन ऐन लग्नसराईत अडलं. तक्रार नोंदवल्यावर मशीन कंपनीच्या दुरुस्ती विभागाचा मेसेज आला, "मशीनमधला सगळा डेटा पाठवा." त्यात बाईंनी स्वतः रेखाटलेली मोरांची डिझाइनंही होती. त्यांनी मशीनवर छापलेल्या नंबरवरच फोन लावला.

"दादा, माझे मोर कशाला हवेत तुम्हाला?"

पलीकडचा मुलगा खो खो हसला. "मोर ठेवा ताई, नुसती बिघाडाची फाइल द्या!"

बाईंनी तेवढीच पाठवली. ती पाहून त्याने सांगितलेली सेटिंग बदलताच सुया खडखडू लागल्या. बाईंनी गिरकीच घेतली आणि हाताला लागेल त्या कापडावर वेलबुट्टी काढली. तो नवऱ्याचा कामावरचा शर्ट निघाला! नवनाथराव तोच घालून ऐटीत शिफ्टला गेले.