आईच्या कपाळावरची टिकली

अमरावतीच्या ज्या नर्सिंग कॉलेजात मी शिकवते, तिथे माझ्या विषयाला मुली आपसांत 'बोलाबोली' म्हणतात. पेशंटशी कसं बोलायचं, घरच्यांना वाईट बातमी कशी सांगायची, हे मी शिकवते. इंजेक्शन आणि ड्रेसिंगपुढे हा विषय म्हणजे टाइमपास, असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं. मग एखादीवर वॉर्डात कुणाच्या तरी आईसमोर उभं राहायची वेळ येते, आणि ती माझ्याकडे येऊन रडते.

सरावासाठी आमच्याकडे माणसाएवढी रबराची बाहुली आहे. तिला सगळे आजी म्हणतात. तिची एक पापणी पुरती मिटत नाही, त्यामुळे झोपवली तरी ती जागीच वाटते. माझे नियम साधे आहेत. शेजारी बसायचं. पेशंटला काय माहीत आहे ते आधी विचारायचं. मग उत्तर येईल इतका वेळ गप्प थांबायचं, आणि त्यानंतर स्पष्ट सांगायचं. 'सिरीयस आहे', 'देवाघरी गेले' असलं काही माझ्या वर्गात चालत नाही. वारले तर वारले म्हणा.

हे मी वर्गात ठणकावून सांगत होते, आणि तिकडे अकोल्यात माझ्या आईला तिचा नवरा वारल्याचं कोणीच सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

आईला अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डावा हात तेवढा हलायचा. तिचं सगळं करता करता बाबाच गेले. छातीत दुखतं म्हणून अमरावतीच्या दवाखान्यात आणले होते, तिथून घरी आलेच नाहीत. भावाने त्यांना परस्पर मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावी नेलं आणि तिथेच सगळं उरकलं. आईला सांगितलं, "बाबा वरूडले गेले. संत्र्याच्या बागेचं काम हाये."

मला त्याने बाजूला घेऊन बजावलं, "तिले सांगशील तं पाह्य. दुसरा झटका आला तं तू जबाबदार."

त्याची भीती खोटी नव्हती. माझी भीती वेगळी होती. बाबा आज येतील, उद्या येतील, अशी वाट पाहता पाहता ही जाईल, आणि आम्ही तिच्या उशाशी बसून संत्र्याचे भाव सांगत राहू. तरी दर शनिवारी मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला जायचे, तिच्याजवळ बसायचे आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत यायचे. शिकवणारी बाई घरी मुकी होती.

नाटक पुरतं वठावं म्हणून वहिनी रोज सकाळी आईचं अंग पुसून, वेणी घालून तिला टिकली लावायची. संध्याकाळी कपाळावर टिकली नसायची. उशीवर नाही, चादरीत नाही, फरशीवरही नाही. "घामानं पडत असन, ताई," वहिनी म्हणायची. मग थंडी पडली. टिकली जातच राहिली. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहायचो आणि स्वयंपाकाचा विषय काढायचो.

आणखी एक गोष्ट मला आतून खात होती. बाबा ज्या दारातून यायचे, त्या दाराकडे आई कधी पाहतच नव्हती.

एका दुपारी वर्गात वीज गेली. खिडक्या उघडून आम्ही सराव चालू ठेवला. प्रसंगांची कार्डं माझी जुनीच असतात, मुली न पाहता एक उचलतात. दर्यापूरकडची एक अबोल मुलगी पुढे आली आणि तिने कार्ड वाचलं. अर्धांगवायू झालेली म्हातारी, नवरा वारला आहे, घरच्यांनी तिच्यापासून लपवलं आहे. हे कार्ड मीच लिहिलं होतं, बाबा धडधाकट होते तेव्हा.

ती बाहुलीजवळ बसली. तिचा रबरी हात हातात घेऊन म्हणाली, "आजी, आजोबा कुठं गेले म्हून सांगतात घरचे तुमाले?"

आणि थांबली. थांबूनच राहिली. आधी मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसलं, मग तेही बंद झालं. ती त्या अर्धवट उघड्या डोळ्याकडे पाहत होती, आणि समोरून कोणी बोलत असावं तसा तिचा चेहरा बदलत गेला. शेवटी मान हलवून ती म्हणाली, "बरं आजी." आणि उठली.

"अगं, सांगितलंस कुठे?" मी विचारलं.

"आजीले मालूम हाये, मॅडम."

"रबराला काय मालूम असणार?" मी तिच्यावर खेकसले.

ती बिचारी दचकली. "मालूम नसतं तं इचारलं असतं ना त्यायनं, कवा येतात म्हून. त्या तं दाराकडं पाहूनबी नाही राहिल्या."

दाराची गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती. बाहुली छताकडे पाहते, दाराकडे कशाला पाहील, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण ती समजूत काही केल्या पटेना. त्या दिवशी वर्ग मी लवकर सोडला.

त्या शनिवारी मी अकोल्यात मुक्कामाला राहिले. रविवारी दुपारी भाऊ शेतात होता, वहिनी शेजारी गेली होती. मी आईच्या पलंगावर बसले. सकाळची टिकली अजून जागेवर होती.

"आई, बाबा कुठं हायेत, तुले काय वाटते?"

मी थांबले. मुलींना थांबायला सांगणं किती सोपं असतं, ते तेव्हा कळलं. आई माझ्याकडे पाहत होती, पापणीही न हलवता. तिच्या डोळ्यांत प्रश्न नव्हता.

"आई, बाबा वारले."

झटका आला नाही. तिचा डावा हात हळूहळू वर आला, कपाळाशी गेला आणि नखाने टिकली काढली. मग तो हात पलंग आणि भिंतीमधल्या फटीत खाली गेला. परत आला तेव्हा बोटांवर टिकली नव्हती. तिने माझं मनगट धरलं आणि माझा हातही त्या फटीत नेला.

पलंगाच्या फळीच्या खालच्या बाजूला माझ्या बोटांना बारीक बारीक काहीतरी लागलं. टिकल्या होत्या. काही ताज्या, काही वाळून कडा सुटलेल्या, एकीशेजारी एक चिकटवलेल्या. मी चाचपत गेले, ओळ संपेचना.

ती वाट पाहतच होती. बाबांची नाही. आमच्यापैकी कोणीतरी सांगेल, याची.

मी तिच्या कुशीत तोंड खुपसून रडले, आणि ती त्या एका हाताने मला थोपटत राहिली.