बंड्या कशाने मेला

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. कागदोपत्री पाहिलं तर ते किरकोळच होतं. वर्तमानपत्रात त्याच्या दोन ओळीही आल्या नाहीत. तरीही नोकरीतली कुठली केस जास्त आठवते असं कोणी विचारलं, की खुनाच्या आणि दरोड्याच्या फायली मागे पडतात आणि एक तपकिरी कुत्राच पुढे येतो. माणसांची नावं मी सांगणार नाही. कुत्र्याचं सांगायला हरकत नसावी. त्याचं नाव बंड्या.

मी तेव्हा मुलुंडला पोलीस निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती. नवा फौजदारी कायदा नुकताच लागू झाला होता आणि जुनी कलमं तोंडपाठ असलेल्या आम्हा लोकांची चांगलीच पंचाईत झाली होती. साधी तक्रार आली तरी ठाणे अंमलदार टेबलाच्या काचेखालचा तक्ता बघून जुन्याचं नवं कलम शोधत बसायचा. त्या दिवशी सकाळची हजेरी आटोपून मी केबिनमध्ये चहा घेत होतो, तेवढ्यात बाहेर आवाज चढला.

"विष घातलंय माझ्या कुत्र्याला! आणि हे मला म्हणतात, नुसता अर्ज देऊन जा!"

गृहस्थांना आत बोलावलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, डोंगराच्या बाजूला एका सात मजली सोसायटीत राहणारे. डोळे रडून सुजले होते. त्यांचा बंड्या रात्री मेला होता आणि त्याला सोसायटीच्या सेक्रेटरीनेच मारलं, अशी त्यांची ठाम तक्रार होती. दोघांचं भांडण जुनं. कुत्रा लिफ्टमध्ये आणायचा नाही, बागेत फिरवायचा नाही, अशा नोटिसा सेक्रेटरींनी लावल्या होत्या. शेवटी सर्वसाधारण सभेत 'इमारतीत कुत्रा पाळता येणार नाही' असा ठरावही करून घेतला होता.

"असला ठराव टिकत नाही," मी म्हणालो. "पाळलेला प्राणी घराबाहेर काढा असं सोसायटी सांगू शकत नाही, लिफ्टही बंद करू शकत नाही."

"तेच मी दोन वर्षं ओरडून सांगतोय, साहेब!"

"पण मालकाचीही काही कामं असतात. महापालिकेचं लायसन, दरवर्षी रेबीजचं इंजेक्शन, बाहेर नेताना पट्टा. हे होतं का?"

"सगळं होतं. मीटिंगमध्येही मी सांगितलंय सगळ्यांना. हां, पहाटे जरा मोकळा सोडायचो, डोंगराकडे. कोणी नसतं ना त्या वेळेला."

लायसन आणून दाखवा म्हटल्यावर ते "हो, हो, शोधतो" म्हणाले. माझा अनुभव असा आहे की लोकांना हक्क पाठ असतात आणि जबाबदारी विचारली की आवाज खाली येतो. त्यांचाही आला. पण घरचं जनावर गेलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत किती खोदायचं, म्हणून मी ते तिथेच सोडलं. विष घालून जनावर मारणं हा गुन्हा आहे, कुत्रा असला म्हणून काय झालं. गुन्हा नोंदवला, पंचनामा केला आणि बंड्याला शवविच्छेदनासाठी जनावरांच्या दवाखान्यात पाठवलं.

खबर आली ती दुपारी, फोनवर. त्याच सोसायटीतली एक बाई बोलत होती. "माझं नाव कुठे येता कामा नये हां साहेब. सेक्रेटरी ना, पंपरूमच्या मागे त्या कुत्र्याला पिशवीतून काहीतरी खायला घालायचे. रोज! मी गॅलरीतून बघितलंय. ज्याला कुत्रा डोळ्यांसमोर नको, तो त्याचे लाड कशाला करेल?"

प्रश्न रास्त होता. सेक्रेटरींना बोलावून घेतलं.

ते इस्त्रीच्या शर्टात आले. गावाचं विचारलं तर तक्रारदाराच्याच तालुक्यातले निघाले, सिंधुदुर्गातले. एका मातीतली माणसं दोन वर्षं नोटिसांतून बोलत होती. त्यांच्या उजव्या हाताला, अंगठ्यापासून मनगटापर्यंत, जाड पट्टी गुंडाळलेली होती.

"हाताला काय झालं?"

"परवा नारळीपौर्णिमेला नारळ सोलत होतो. कोयता लागला."

"कुत्र्याला काय खायला घालायचात?"

"मी? मी कशाला घालू? माझा नि त्या कुत्र्याचा काय संबंध?"

एवढं बोलताना त्यांच्या कपाळावर घाम आला. पंखा पूर्ण वेगात होता. जबाब लिहून झाला आणि सही करायला त्यांनी पट्टी बांधलेल्या हातानेच पेन धरलं. वेदनेने तोंड वाकडं झालं, सही कशीबशी उमटली. माणूस उजवा होता. उजवा माणूस कोयता उजव्या हातात धरतो आणि नारळ डाव्या. कोयता निसटला तर तो डाव्या हाताला लागायला हवा.

माझ्या उपनिरीक्षकाने मला बाहेर गाठलं. "साहेब, सरळ आहे. विष घालताना कुत्रा चावला. मेडिकल करू या, दातांच्या खुणा निघतील. केस झकास उभी राहते."

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. सेक्रेटरींना बाकावर बसवून ठेवलं आणि तक्रारदारांना पुन्हा बोलावलं. कुत्र्याचे शेवटचे दिवस कसे गेले, ते नीट लिहून घ्यायचं होतं.

ते सांगू लागले. श्रावण लागल्यापासून घरात मासळी बंद होती. घरात बंद म्हणजे बंड्यालाही बंद, अशी बायकोची शिस्त होती. त्याला दूधभात मिळायचा. दर श्रावणात पहिले काही दिवस तो रुसायचा, ताटलीला तोंड लावायचा नाही आणि मग भूक लागली की मुकाट्याने खायचा. या वेळी पौर्णिमा आली तरी नीट खाईना, तेव्हाही घरच्यांना हसूच आलं. "बंड्याचा संप सुरू झाला, असं म्हणत होतो आम्ही." तेवढ्यात शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. पोटात विषासारखं काही वरवर तरी दिसत नव्हतं. शेवटी कुत्र्याचं वागणं कसं होतं, असं त्यांनी विचारलं. मी फोन सरळ तक्रारदारांच्या हातात दिला.

"खात नव्हता, डॉक्टर... हो, पाण्याकडे जायचा, पण गिळता यायचं नाही... आवाज? आवाज बसला होता, घोगरा झाला होता... लाळ खूप. मला वाटलं, बाहेर कुठे मासळी खाल्ली आणि काटा अडकला. मी स्वतः घशात हात घालून बघितलं, दोनदा... इंजेक्शन? हो, झालंय ना."

फोन परत माझ्याकडे आला. डॉक्टरांचा सूर बदलला होता. "साहेब, विषाचं नंतर बघा. मला रेबीजची दाट शंका आहे. मेंदूचा नमुना पाठवतोय, अहवालाला वेळ लागेल, पण त्याची वाट बघू नका. त्याच्या तोंडात ज्यांनी हात घातला, ज्यांना तो चावला, त्या सगळ्यांना आज इंजेक्शन सुरू करा. लक्षणं दिसायला लागली की माणूस वाचत नाही. इंजेक्शन झालं होतं म्हणतात, ते मात्र मला पटत नाही."

मी फोन ठेवला. बाहेर बाकावर जो माणूस बसला होता, त्याच्या हाताला बहुधा त्याच दातांची जखम होती. दवाखान्यात गेला असता तर तिथे कुत्रा चावल्याची नोंद झाली असती आणि ती नोंद आमच्या हातात पडली असती, हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. आमच्या भीतीने तो गप्प होता, आणि गप्प राहिला तर मरणार होता.

आधी तक्रारदाराकडून खरं काढायला हवं होतं. मी शांतपणे म्हणालो, "डॉक्टरांना रेबीजची शंका आहे. पण तुमच्या कुत्र्याचं इंजेक्शन झालंय म्हणता, म्हणजे तुम्हाला काळजी नाही. या तुम्ही. घरी जाऊन आराम करा."

ते उठले. दारापर्यंत गेले. कडीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. चौकशीत आरडाओरडीपेक्षा मोकळी सोडलेली वाट जास्त काम करते, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. ते परत येऊन खुर्चीत बसले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"लहान होता तेव्हा दिलं होतं. मग नाही दिलं. लायसनही संपलं. आज करू, उद्या करू करत राहून गेलं. आणि सोसायटीशी भांडण लागल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार? सगळं आहे म्हणून ठोकून दिलं." मग त्यांनी विचारलं, "साहेब, मी वाचेन ना?"

"आज दवाखान्यात गेलात तर वाचाल. पण बाहेर आणखी एक माणूस आहे."

सेक्रेटरींना आत घेतलं. मी त्यांना सगळं समजावलं. त्यांचं एकच उत्तर होतं. "कोयताच लागला. साहेब, तुम्ही पोलीस लोक असंच गोड बोलून कबुली घेता. आणि त्याच्या कुत्र्याची सगळी इंजेक्शनं झालीत, त्यानेच सांगितलंय मीटिंगमध्ये. रेबीज कुठून होणार?"

याचं उत्तर शेजारच्या खुर्चीत बसलं होतं. तक्रारदार उठले, सेक्रेटरींच्या समोर जाऊन उभे राहिले आणि त्या दोघांच्या तोंडून मी पहिल्यांदाच मालवणी ऐकली.

"रे, माझ्याकडे बघ. बंड्याक इंजेक्शन दिलेलां नाय. मीटिंगात मी खोटां सांगितलंय. तुका तो चावलो काय, तेवढां सांग."

सेक्रेटरींनी पट्टीचा हात पुढे केला.

"चावलो," ते म्हणाले. मग बांध फुटला. "घरात श्रावण कडक. मी स्टेशनजवळच्या खानावळीत चोरून बांगडो खाय होतंय. डोक्यां-काटे पिशवीत भरून बंड्याक आणी. तो माझी वाट बघी, रे. मागाहून त्याका गिळूकच होईना. माका वाटलां, माझोच काटो अडाकलो. काढूक हात घातलंय, तेव्हा चावलो. आणि दुसऱ्या दिवशी मेलो तो. मीच मारलंय त्याका."

नोटिसा लावणारा हा माणूस. ज्या कुत्र्याला इमारतीबाहेर काढायचा ठराव त्याने केला, त्यालाच पंपरूमच्या मागे भरवत होता. असं का, हे मी विचारलं नाही. उलगडा झाला होता, पण मला आनंद झाला नाही, फक्त घाई झाली. पोलीस जीपमध्ये दोघांना शेजारी बसवून महापालिकेच्या रुग्णालयात नेलं. तिथे आधी सेक्रेटरींची जखम साबणाने खळखळून धुतली, मग दोघांनाही इंजेक्शनं सुरू झाली. तक्रारदारांच्या बायकोलाही बोलावून घेतलं, कारण बंड्याची लाळ पुसायचं काम तिने केलं होतं.

बाकीचं सगळं नेहमीच्या वाटेने गेलं. विषप्रयोगाच्या गुन्ह्यात तथ्य नाही असा अहवाल न्यायालयात दिला. मालकावर प्राण्याबाबत हलगर्जीपणा केल्याचा गुन्हा नोंदवला. त्यांनी वकील न देता तो कबूल केला आणि दंड भरला. सोसायटीचा ठराव रद्द झाला.

मेंदूच्या नमुन्याचा अहवाल आला तेव्हा त्यात रेबीजच होता. बहुधा डोंगराकडे मोकळा सोडलेला असताना कुठल्यातरी पिसाळलेल्या जनावराशी त्याची झटापट झाली असावी. मी सेक्रेटरींना फोन करून सांगितलं, तुम्ही थोडक्यात वाचलात. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे साहेब, तो माझ्या काट्याने नाही ना मेला?"

"नाही," मी म्हणालो. "तुमच्या काट्याने नाही." फोनवर माणूस रडत असला की आपण काय बोलायचं, हे मला एवढ्या नोकरीत जमलं नाही.

या केसने मला गुन्हेगार पकडायला काही शिकवलं नाही, कारण तिच्यात गुन्हेगार नव्हताच. होती ती दोन घाबरलेली माणसं. एक आपली चूक लपवत होता, दुसरा न केलेली. लायसन, इंजेक्शन, पट्टा या गोष्टींना लोक सरकारी कटकट समजतात. ती कटकट वेळेवर केली असती तर बंड्या जगला असता आणि या दोघांना माझं तोंड बघावं लागलं नसतं. हे झालं त्यांचं. माझं असं की, त्यांना खरं बोलायची सर्वात जास्त भीती वाटली ती माझ्या केबिनमध्ये, आणि ही भीती माणसाचा जीव घेऊ शकते हे मला त्या दिवशी कळलं. मग निवृत्त होईपर्यंत माझ्या ठाण्यात कुत्रा चावल्याची कुठलीही तक्रार आली, की अंमलदाराला माझी एक सक्त ताकीद होती. कुत्रा कोणाचा, चूक कोणाची, काही विचारायचं नाही. आधी माणूस दवाखान्यात, जबाब मागाहून.