पुस्तकांखालचं गाठोडं

ये गं यमुना, इथे माझ्याजवळ बस. हे वाचताना तू नशिराबादलाच असशील, तरी मनानं धुळ्याला ये, माझ्या चुलीपाशी. आधी रागावून घेते. दोन वर्षांत फुईला एक ओळ नाही. मूल झालं ते परक्याच्या तोंडून कळलं. आणि आता आलं ते चार ओळींचं कार्ड. राज्य आपलं झालं, पोलिसांनी नेलेली नानांची कादंबरी परत मिळावी म्हणून अर्ज करतेय, गाठोड्याचं फडकं कोणत्या रंगाचं होतं ते कळव, जळगावचा छापखानेवाला वाट बघतोय. बापाच्या बहिणीला असं लिहितात? पोलीस ठाण्यातला कारकून बरा.

फडकं पांढरं होतं. तुझ्या बापाच्याच जुन्या धोतराचं. पण अर्ज टाकू नकोस. का, ते सांगायला मला पाच वर्षं लागली. आता मध्येच उठू नकोस.

आपण गाव सोडलं तेव्हा तू सव्वा वर्षाची होतीस. तुझी आई जाऊन चार महिने झाले होते आणि तुझ्या बापाची, नानांची, बदली धुळ्याच्या शाळेत झाली होती. पोरीला सांभाळायला बाई हवी. मी बारा वर्षांची असताना कुंकू पुसून माहेरी परत आलेली, मला कुठे कोण अडवणार होतं? चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आपलं घर. दारात गाडी जुंपलेली आणि गाडीत जागा एकच उरलेली. मी म्हणाले, जातं घेऊ. नाना म्हणाले, पेटी. पेटी म्हणजे पुस्तकांची पत्र्याची ट्रंक. चार माणसांनी उचलली तरी कण्हत उचलायची. त्यात काय नव्हतं? गुरांचे रोग, केळीची लागवड, आकाशातले ग्रह, साबण करायची कृती, पोहायला कसं शिकावं, जपान देश पुढे कसा गेला, पोटात अन्नाचं काय होतं. नाना कधी पाण्यात उतरले नाहीत आणि आमच्याकडे केळीचा एक खुंटही नव्हता.

मी म्हणाले, "धुळ्याला काय पुस्तकं दळून खायची?"

तुझी आजी उंबऱ्यात तुला घेऊन उभी होती. ती म्हणाली, "राहू दे जातं. पेटी लई जा, पन भाऊले सांभाळजो. येडा शे तो." तुला माझ्या मांडीवर ठेवलं, बिबड्या-पापडांचा डबा पायाशी सरकवला आणि मागे फिरली. गाडी हलेपर्यंत थांबली नाही. तापी ओलांडताना नावेत ट्रंक एका बाजूला आणि आपण सगळे दुसऱ्या बाजूला, तेव्हा कुठे नाव सरळ राहिली. मागे वळून पाहिलं तर सातपुडा निळा होत चालला होता. तेवढं माहेर मला पुरलं असतं, पण धुळ्यातून तोही दिसत नाही.

धुळ्यात गल्ल्यांना नंबर. मला नंबरही वाचता येत नव्हता, म्हणून भाजी घेऊन येताना मी कोपऱ्यावरचं निंबाचं झाड धरून वळायची. एकदा फांद्या छाटल्या, तर मी पुढच्या गल्लीत शिरून परक्याच्या ओट्यावर पिशवी ठेवली. नाना हसले आणि म्हणाले, "अक्का, चार अक्षरं शिक. मी शिकवतो." मी म्हटलं, "आणि भाकरी कोण थापेल, तुझे ग्रह?" हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन. त्यांनी विचारायचं आणि मी हेच बोलायचं.

मग कोरियाचे आबा घरात आले. तुला आठवतात ना? नानांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की कोरिया म्हणून देश आहे, जपान्यांनी गिळलेला. तिथे एक जण वर्तमानपत्रात जुन्या राजांची कादंबरी लिहितो, रोज थोडी थोडी. लोक सकाळी आधी ती वाचतात. जपानी साहेबही वाचतो, पण चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या राजाला बेड्या कशा घालणार? हे सांगताना नाना मांडीवर थाप मारून हसत. त्या माणसाचं नाव त्यांना उच्चारता येईना. सोमवारी एक म्हणायचे, मंगळवारी दुसरं. म्हणून आपण त्यांना कोरियाचे आबाच म्हणायला लागलो. तू दिवाळीत त्यांच्या नावानं एक करंजी बाजूला ठेवलीस आणि सकाळी स्वतःच खाल्लीस.

जपानच्या प्रगतीचं पुस्तक नानांनी त्या दिवशी ट्रंकेच्या तळाला घातलं. आणि स्वतः कादंबरी लिहायला घेतली. सुटीच्या दिवशी मोटारीनं सोनगीरला जायचे, गडावर चढायचे, उन्हानं तोंड काळं करून यायचे. गडाला वेढा पडलाय आणि राही नावाची बाई आतल्या माणसांना पाणी पाजतेय, अशी ती गोष्ट. संध्याकाळी मी भाकरी थापायची आणि ते पाटावर बसून वाचायचे. मला विचारायचे, "अक्का, किल्लेदार फितूर झाला. आता राही काय करेल?" मी म्हणायची, "काय करेल? आधी घागर भरेल. माणसं तहानलेली आहेत ना?" ते तसंच लिहायचे. राही डावा पाय ओढत चालते, कारण मी ओढते. लढाईची पानं आली की मला डुलकी लागायची. तेव्हा वाटायचं, नंतर ऐकू, लिहिलेलं कुठे जातं?

आता बेचाळीसचा श्रावण. तू नागपंचमीला आजीकडे गेली होतीस. घरी असतीस तर हे पत्र लिहावं लागलं नसतं, आणि हे मी तुझ्यावर ढकलत नाही. त्या आठवड्यात दोन दिवस ऊन पडलं, म्हणून मी ट्रंक रिकामी करून पुस्तकं उन्हात घातली, वाळवी लागू नये म्हणून. परत भरताना माझ्या हिशेबानं भरली, मोठी खाली, लहान वर. तळाशी एक गाठोडं होतं आणि वर एक. दोन्ही सारख्याच धोतराच्या फडक्यातली. वरचं मी खाली घातलं, खालचं वर.

चौथ्या दिवशी नानांना मिरवणुकीत धरलं. त्यांच्या शाळेतले एक मास्तर मागच्या दारानं आले आणि उभ्यानंच म्हणाले, "अक्का, निरोप आहे. ट्रंकेत पुस्तकांखालचं गाठोडं आहे, पत्रकांचं, ते नाहीसं करा. झडती होणार." आले तसे गेले. खालचं. मी खालचं काढलं.

जाळलं असतं तर धूर झाला असता. आणि लिहिलेला कागद मी जाळणार नव्हते. चुकून पाय लागला तरी आपण कपाळाला लावतो. म्हणून बाया जुन्या कागदाचं करतात तेच मी केलं. पाण्याच्या टिपात भिजत घातला, मेथ्या वाटून घातल्या, उखळात कुटला आणि पालथ्या पातेल्यावर थापून टोपल्या केल्या. शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, "श्रावणात टोपल्या? ऊन काय माहेराहून मागवलंय?" मी म्हटलं, "वाळतील सावकाश." कागद फाडताना प्रत्येक पानावर नानांचं अक्षर दिसत होतं. ते ओळखण्यापुरतं मला येत होतं. पण पत्रकं सगळी एकसारखी असतात, हे मला माहीत नव्हतं. माझ्या हातातलं एक पान दुसऱ्यासारखं नव्हतं. वाचता येणारीचा हात पहिल्या मुठीलाच थांबला असता.

पोलीस आले ते टोपल्या ओट्यावर असताना. फौजदारानं ट्रंक उघडली, वरचं गाठोडं सोडलं आणि वरचा कागद मोठ्यानं वाचला. त्यात राही नव्हती. किल्लेदार नव्हता. तारा तोडा, कचेऱ्यांवर जा, असं काहीतरी होतं, नानांच्याच हातानं लिहून यंत्रावर काढलेलं. त्यानं दुसरा कागद उचलला, तोही तोच. तेव्हा मला कळलं. मी पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि टिपात हात घालून बघितलं. खाली पांढरा गाळ होता.

म्हणजे पोलिसांनी नेलं ते हे, यमुना; कादंबरी नेली असं तू समजलीस आणि मी समजू दिलं. त्या गाठोड्यानं नानांची शिक्षा वाढली. मिरवणुकीतले बाकीचे सहा महिन्यांत घरी आले.

तुरुंगात एकदाच भेटू दिलं. नाना अर्धे झाले होते, हगवण लागलेली. गजाआडून पत्रकांबद्दल एक शब्द नाही. विचारलं एवढंच, "अक्का, राहीला नीट ठेवलंस ना?" मी म्हटलं, "ठेवलंय." ते म्हणाले, "बाहेर आलो की शेवट बदलणार आहे." कोणता शेवट, काय बदलणार, मी विचारलं नाही, कारण बोलत राहिले असते तर रडले असते. पुढच्या महिन्यात तार आली. तू शाळेत होतीस, म्हणून तीही काकूंच्या मुलाकडून वाचून घ्यावी लागली.

त्यानंतर मी शिकले. तुझं जुनं अंकलिपीचं पुस्तक काढलं आणि ट्रंकेतली पुस्तकं एकेक करून वाचली. पहिलं पूर्ण वाचलं ते गुरांच्या रोगांचं. अजून सगळं कळत नाही, पण सगळं वाचलंय, पोहण्याचंसुद्धा. आता गल्लीतल्या बाया आपली पत्रं माझ्याकडून वाचून घेतात. तू सासरी निघालीस तेव्हा सांगणार होते. तू पाया पडलीस आणि म्हणालीस, "फुई, नानांची कादंबरी मी एक दिवस आणीनच." मी तुझ्या सामानाच्या गाठी पुन्हा आवळत बसले.

टोपल्या तीन झाल्या होत्या. दोन घुशींनी खाल्ल्या. तिसरी खुंटीला आहे, तिच्यात मी काही ठेवत नाही. आतल्या अंगाला एका ठिकाणी लगदा नीट कुटला गेला नव्हता, तिथे तीन शब्द दिसतात. वाचायला शिकल्यावर महिनाभरानं ते मला लागले. ‘घागर रिकामीच राहिली.’ हे कुठलं पान, मला आठवत नाही. बहुतेक मी झोपले होते तेव्हाचं.

मी राहीची गोष्ट वहीत उतरवायला बसले. दहा पानं झाली. वाचून पाहिली तर राही माझ्यासारखीच बडबडी झालीय. नाना तिला कमी बोलायला लावायचे. त्यांचं किती आणि माझं किती, मला निवडता येत नाही. तू लहानपणी दाराआड बसून लढाईची पानं ऐकायचीस, मला माहीत आहे. तुला काही आठवत असेल. नसेलही.

तुझी आजी आता नाही, गावचं घर चुलत्यांकडे गेलं आणि जातं कुणी नेलं कोण जाणे. सातपुडा मी सतरा वर्षांत पाहिलेला नाही. धुळ्यात इतकी वर्षं राहिले, तरी घर म्हणून जे म्हणते ते म्हणजे त्या दोन खोल्यांतली संध्याकाळ, नाना पाटावर, तू दाराआड. ते मीच भिजवून कुटलं. दुसरं घर करायला आता वय नाही. तू आहेस तेवढीच आहेस.

छापखानेवाल्याला काय सांगायचं ते तू ठरव. पत्रानं उत्तर धाडू नकोस; मला वाचता येतं आणि एकटीनं वाचायची भीती वाटते. रागावायचं असेल तर इथे येऊन रागाव, मी समोर बसेन. पोळ्याच्या आत ये, बाळाला घेऊन ये. टोपली उंच टांगलीय, माझा हात आता तिथवर पोचत नाही. तू काढून बघ.

तुझी फुई